तो जिंकला, पण कसा?

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा हुकूम असा होता की प्रत्येकाने आपल्या कामाबद्दल किंवा छंदाबद्दल वीस मिनिटं बोलायचं. माझं काम रक्त तपासण्याचं. पॅथॉलॉजी लॅब चालवायला लागून तीस वर्षं होऊन गेली. आणि छंद म्हणाल तर दर जुलैत, बाहेर पाऊस कोसळत असताना, टीव्हीपुढे बसून टूर द फ्रान्स ही सायकलशर्यत पाहण्याचा. रक्त आणि सायकल हे दोन्ही एकत्र येतात असा एकच विषय आहे आणि तो फारसा गोड नाही. मी सायकलशर्यती पाहतो हे कळलं, की कोणीही पहिला प्रश्न हाच विचारतो, "अरे, पण ते सगळे काहीतरी घेतात ना?" आज त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दाचं नाही, म्हणून वीस मिनिटं लागणार.

ज्यांनी ही शर्यत पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९०३ पासून चालत आलेली शर्यत. तीन आठवडे, एकवीस टप्पे, साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास अंतर. आल्प्स आणि पिरेनीज या दोन पर्वतरांगांमध्ये तिचा निकाल लागतो. सिंहगडाच्या गाडीरस्त्याने सायकल वर चढवलेले कोणी इथे असतील, तर त्यांनी तो चढ आठवावा, त्याहून लांब करावा, आणि तसे तीन-चार घाट एकाच दिवशी चढायचे आहेत अशी कल्पना करावी. सपाटीवर दुसऱ्याच्या मागे राहून वारा चुकवता येतो. घाटात ती सोय फारशी उरत नाही. तिथे शेवटी प्रश्न एवढाच राहतो, की तुमचं रक्त तुमच्या पायांना दर मिनिटाला किती प्राणवायू पोचवू शकतं.

म्हणजे ही शर्यत एका अर्थाने रक्ताची आहे. म्हणूनच फसवणूकही रक्तातच शिरली.

सुरुवातीला ती रक्तात नव्हती, डोक्यात होती. १९२४ मध्ये पेलिसिए बंधू शर्यत सोडून बाहेर पडले आणि आल्बेर लाँद्र या पत्रकाराला त्यांनी आपल्या पिशवीतली सामग्री काढून दाखवली. त्यात कोकेन होतं, क्लोरोफॉर्म होतं. वेदना आणि थकवा विसरायचा, एवढाच तेव्हाचा उपाय. १९६७ मध्ये टॉम सिम्पसन हा २९ वर्षांचा ब्रिटिश सायकलपटू, माजी विश्वविजेता, माँ व्हाँतू या उघड्याबोडक्या डोंगरावर भर उन्हात कोसळला आणि गेला. त्याच्या शरीरात अँफेटॅमिन सापडलं. या गोळ्या माणसाला थकवा जाणवू देत नाहीत. थकवा ही शरीराने वाजवलेली घंटा असते. तिची तार कापली, की माणूस थांबायच्या जागी थांबत नाही.

खरा बदल झाला तो १९९० च्या आसपास. आपल्यापैकी काहींच्या घरात डायलिसिसचे रुग्ण असतील. त्यांना ईपीओचं इंजेक्शन देतात. ईपीओ हे आपल्या मूत्रपिंडात तयार होणारं संप्रेरक आहे. ते अस्थिमज्जेला सांगतं, की तांबड्या पेशी बनवा. मूत्रपिंड निकामी झालं की हा निरोप जात नाही आणि रुग्णाचं हिमोग्लोबिन घसरतं. १९८९ मध्ये अमेरिकेत कृत्रिम ईपीओला मान्यता मिळाली आणि अशा असंख्य रुग्णांचं आयुष्य सुसह्य झालं. औषध म्हणून ते फार चांगलं आहे. पण हेच इंजेक्शन धडधाकट सायकलपटूने घेतलं तर? तांबड्या पेशी वाढतात, प्राणवायू जास्त पोचतो, आणि घाटात बाकीचे मागे पडायला लागतात. शिवाय रक्त दाट होतं, गुठळीचा धोका वाढतो, ते वेगळंच.

आता इथे माझ्या व्यवसायातली एक गोष्ट सांगायला हवी. ईपीओ शरीरात आपलं आपणच तयार होत असल्यामुळे बाहेरून घेतलेलं ओळखायची चाचणी कितीतरी वर्षं नव्हती. ती आली २००० साली. तोवर काय करायचं? यूसीआय या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९७ मध्ये एक मर्यादा घातली. रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण, म्हणजे हिमॅटोक्रिट, पन्नास टक्क्यांच्या वर गेलं तर दोन आठवडे विश्रांती. शिक्षा नाही, तब्येतीसाठी विश्रांती! पुरुषांमध्ये हे प्रमाण साधारण चाळीस ते पन्नास असतं. ज्याचं मुळात बेचाळीस आहे त्याला या नियमाने जणू सांगितलं, की बाबा, एकोणपन्नासापर्यंत यायला तुला मोकळीक आहे. कॉपी करा, पण पैकीच्या पैकी मार्क पाडू नका, असं सांगण्यासारखंच हे झालं.

मार्को पंतानी हा इटलीचा लाडका. टक्कल, डोक्याला रुमाल, घाटात उठून उभा राहिला की लोक वेडे व्हायचे. १९९८ मध्ये त्याने इटलीची शर्यत आणि टूर दोन्ही एकाच वर्षी जिंकल्या. पुढच्याच वर्षी इटलीची शर्यत जवळजवळ खिशात असताना, जून महिन्यातल्या एका सकाळी त्याचं हिमॅटोक्रिट ५२ भरलं आणि त्याला घरी पाठवलं. तो त्यातून कधी सावरला नाही. २००४ मध्ये रिमिनीच्या एका हॉटेलात तो मृतावस्थेत सापडला, वयाच्या चौतिसाव्या वर्षी. त्या पिढीतल्या अनेकांनी पुढे कबुली दिली. १९९६ चा विजेता ब्यार्ने रीस याने २००७ मध्ये स्वतः सांगितलं, की मी ईपीओ घेत होतो.

आणि मग लान्स आर्मस्ट्राँग. कर्करोगातून उठून १९९९ ते २००५ सलग सात वेळा टूर जिंकलेला माणूस. त्याचं ठरलेलं उत्तर असे की माझ्या शेकडो चाचण्या झाल्या, सापडलं काय? खरोखरच, त्याला चाचणीने खाली आणलं नाही. त्याला खाली आणलं माणसांच्या साक्षींनी. २०१२ मध्ये अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने २६ साक्षीदारांचे जबाब मांडले. त्यांत अकरा त्याच्याच संघातले जुने सहकारी होते. सातही विजेतेपदं काढून घेतली गेली. ती दुसऱ्या कोणाला दिलीसुद्धा नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकांवरच्या इतक्या जणांची नावं कुठल्या ना कुठल्या प्रकरणात आली होती, की त्या सात वर्षांच्या विजेत्यांच्या रकान्यात आज कोणाचंच नाव नाही.

हे सगळं पेपरात आलेलं आहे. मला बोलायचं आहे ते त्या काळात ज्यांनी प्रश्न विचारला त्यांच्याबद्दल.

क्रिस्तोफ बासों नावाचा एक फ्रेंच सायकलपटू होता. १९९८ मध्ये फेस्टिना या संघाच्या गाडीत सीमेवर औषधांचा साठा सापडला आणि मोठं प्रकरण झालं. पोलिसांपुढे त्याच संघातल्या सहकाऱ्यांनी सांगितलं, की बासों घेत नाही. केवढं मोठं प्रशस्तिपत्र! पण पुढच्या वर्षीच्या टूरमध्ये तो वर्तमानपत्रात लिहायला लागला, की वेग पाहता काही बदललेलं दिसत नाही. मग काय झालं? त्याच्याशी कोणी बोलेना. चालत्या शर्यतीत आर्मस्ट्राँग त्याच्या शेजारी आला आणि असं बोलायचं असेल तर निघून जा, असं त्याने सुनावलं. बासोंने शर्यत अर्धवट सोडली. दोन वर्षांत व्यावसायिक सायकलिंगही सोडलं.

दुसरा इटलीचा फिलिपो सिमिओनी. आर्मस्ट्राँग ज्याचा सल्ला घेत असे त्या डॉक्टर फेरारीविरुद्ध त्याने कोर्टात साक्ष दिली होती. २००४ च्या टूरमध्ये तो काही जणांबरोबर पुढे निघाला. शर्यतीच्या दृष्टीने त्याला काडीचं महत्त्व नव्हतं. पण पिवळी जर्सी घातलेला आर्मस्ट्राँग स्वतः त्याच्या मागे धावला आणि त्याला परत घेऊन आला. येताना कॅमेऱ्याकडे पाहून ओठांवर चेन ओढल्याची खूण केली. त्याच्याबरोबरचे सायकलपटू त्या वेळी कोणाच्या बाजूने होते? सिमिओनीला शिव्या देणाऱ्यांच्या.

ग्रेग लेमाँड, स्वतः तीन वेळा टूर जिंकलेला. त्याने २००१ मध्ये फेरारीबद्दल शंका बोलून दाखवली, तर त्यालाच जाहीर माफी मागावी लागली. एमा ओ'रायली ही संघाची मालिशवाली. तिने जे पाहिलं ते पत्रकार डेव्हिड वॉल्श यांना सांगितलं, तर तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले गेले आणि तिला कोर्टात खेचलं. वॉल्श यांच्या वर्तमानपत्रालाही दाव्यात पैसे मोजावे लागले. हे सगळे खरं बोलत होते. ते सिद्ध व्हायला २०१२ साल उजाडावं लागलं.

म्हणून कोणी म्हणालं, की "उगाच शंका घेऊ नये, कौतुक करावं," तर मला ते पटत नाही. शंका घेणाऱ्यांनीच हा खेळ वाचवला. पण गोष्ट इथे संपत नाही. खरी अडचण यानंतर सुरू होते.

२००८ पासून 'बायोलॉजिकल पासपोर्ट' आला. ही कल्पना मला पॅथॉलॉजिस्ट म्हणून फार आवडते. आपण रिपोर्टवर नॉर्मल रेंज छापतो, ती सगळ्या जगाची असते. पासपोर्टमध्ये तुमची तुलना जगाशी होत नाही, तुमची तुलना तुमच्याशीच होते. वर्षभरात अनेकदा रक्त घेतात. हिमोग्लोबिन बघतात आणि रेटिक्युलोसाइट, म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या कोवळ्या तांबड्या पेशी बघतात. ईपीओ घेतलं की कोवळ्या पेशी वाढतात. स्वतःचंच साठवून ठेवलेलं रक्त परत चढवलं, तर हिमोग्लोबिन वर जातं पण अस्थिमज्जा म्हणते, घरात भरपूर आहे, आता नवीन कशाला? कोवळ्या पेशी घटतात. शिवाय तीन आठवडे रोज शर्यत केली की रक्तातलं पाणी वाढून हिमोग्लोबिनचं प्रमाण थोडं उतरायला हवं. ते तिसऱ्या आठवड्यात चढलेलं दिसलं, तर तज्ज्ञ भुवया उंचावतात.

पण हेही साधन माणसांच्याच हातातलं आहे आणि ते दोन्ही बाजूंना चुकू शकतं. श्टेफान डेनिफ्ल या ऑस्ट्रियन सायकलपटूने २०१७ मध्ये स्पेनच्या शर्यतीत एक अवघड घाटाचा टप्पा जिंकला. २०१९ मध्ये कळलं, की तो कित्येक वर्षं रक्त काढून परत चढवून घेत होता. पकडलं कोणी? पोलिसांनी, एका जर्मन डॉक्टरच्या तपासात. उलट, चेक प्रजासत्ताकाचा रोमान क्रोइत्सिगर. पासपोर्टमधल्या आकड्यांवरून त्याच्यावर ठपका आला, २०१४ ची टूर हुकली, आणि वर्षभराने यूसीआयने प्रकरण मागे घेतलं. एक दोषी सुटलेला, एकावर उगाच बालंट आलेलं. माझ्या लॅबमधल्या नव्या मुलांना मी नेहमी सांगतो, की 'निगेटिव्ह' याचा अर्थ 'नाही' असा नसतो, 'या चाचणीत दिसलं नाही' असा असतो. पण त्याच वेळी हेही सांगतो, की रिपोर्टवर जे दिसलं नाही, ते आपल्या मनाने लिहायचं नसतं.

आता आजच्या काळात येऊ. १४ जुलै २०२४. पिरेनीजमधला प्लातो द बेय हा घाट. लांबी सुमारे सोळा किलोमीटर, सरासरी चढ जवळजवळ आठ टक्के. १९९८ मध्ये इथे पंतानी जिंकला होता आणि त्याची वेळ कोणालाही मोडता आली नव्हती. स्लोव्हेनियाच्या ताडेइ पोगाचारने ती तीन मिनिटांपेक्षा जास्त फरकाने मोडली. दुसरा आलेला डेन्मार्कचा योनास विंगेगार, तोही पंतानीपेक्षा दोन मिनिटांहून अधिक वेगात वर पोचला. त्या वर्षी पोगाचारने इटलीची शर्यत, टूर आणि विश्वविजेतेपद तिन्ही जिंकलं. असं याआधी फक्त दोघांना जमलं होतं, १९७४ मध्ये एडी मर्क्स आणि १९८७ मध्ये स्टीफन रोश.

ईपीओच्या काळातल्या माणसापेक्षा तीन मिनिटं पुढे. शंका येणार की नाही? येणारच. त्यात त्याच्या संघाचे प्रमुख मौरो जानेत्ती हे २००८ मध्ये ज्या संघाचे व्यवस्थापक होते, त्या संघातला रिक्कार्दो रिक्को टूर चालू असतानाच पकडला गेला होता. लोक हे विसरलेले नाहीत.

पण दुसरी बाजूही आकड्यांची आहे. त्या दिवशी विंगेगारच्या संघाने घाटाच्या पायथ्यापासून वेग वाढवून ठेवला होता, दोघं बराच वेळ एकमेकांना पिळत होते. वेळ मोजताना अशी चढाओढ होती की नव्हती याने मोठा फरक पडतो. सायकल, चाकं, टायर, कपडे, सगळं पंचवीस वर्षांत बदललं. पूर्वी चालत्या शर्यतीत जेमतेम खाऊन राहायचे. आता तासाला शंभर-सव्वाशे ग्रॅम कर्बोदकं पोटात रिचवायची पोटाला सवय लावतात. पायाचा जोर वॅटमध्ये मोजणारं यंत्र प्रत्येक सायकलवर आहे. उंचावरच्या गावात आठवडेच्या आठवडे राहून नैसर्गिक रीतीने रक्त वाढवतात. या सगळ्याची बेरीज तीन मिनिटं होते का? कोणी म्हणतं होते, कोणी म्हणतं होत नाही. पोगाचार कुठल्याही चाचणीत कधी दोषी ठरलेला नाही, हेही तितकंच खरं. घड्याळ फक्त वेळ सांगतं, कारण सांगत नाही.

त्याच जुलैत आणखी एक गोष्ट बाहेर आली. काही मोठे संघ कार्बन मोनॉक्साइड हुंगवून शरीरातल्या एकूण हिमोग्लोबिनचं वजन मोजतात, अशी बातमी होती. मोजण्यासाठी ही पद्धत योग्यच आहे. वैद्यकशास्त्रात ती जुनी आहे. पण तोच वायू वारंवार हुंगला तर शरीराला आपण उंचावर आहोत असं वाटून रक्त वाढू शकतं. संघांनी सांगितलं, आम्ही फक्त मोजतो. प्रश्न विचारले गेले, चर्चा झाली आणि फेब्रुवारी २०२५ पासून यूसीआयने वारंवार हुंगण्यावर बंदी घातली. मला शंकेचा हा सर्वांत चांगला उपयोग वाटतो. कोणाला चोर ठरवलं नाही, पण जिथून चोर शिरू शकला असता ती खिडकी बंद केली.

याच्या उलट उदाहरण ख्रिस फ्रूमचं. २०१५ च्या टूरमध्ये तो पिवळ्या जर्सीत होता. रस्त्याकडेच्या एका प्रेक्षकाने त्याला उत्तेजक घेणारा म्हणून ओरडत लघवीने भरलेला पेला त्याच्या अंगावर फेकला. दोन वर्षांनी त्याच्या नमुन्यात दम्याचं साल्ब्युटामॉल हे औषध मर्यादेपेक्षा जास्त आढळलं. नियमाप्रमाणे गुप्त राहायला हवी होती ती गोष्ट फुटली, आणि जुलै २०१८ मध्ये प्रकरण बंद झालं, तो निर्दोष ठरला. तुमच्यापैकी कोणाला अजूनही त्याच्याबद्दल शंका असेल. ती ठेवायला हरकत नाही. पण लघवीचा पेला हा कुठल्या पुराव्याला जोडायचा?

विंगेगारचं या बाबतीतलं बोलणं मला समजूतदार वाटतं. २०२३ मध्ये त्याला हाच प्रश्न वारंवार विचारला गेला. तो चिडला नाही. इतिहास पाहता लोकांनी साशंक असणं बरोबरच आहे, असं तो म्हणाला, आणि माझ्या मुलीला देणार नाही असं काही मी घेत नाही, हेही म्हणाला. शब्दाने काही सिद्ध होत नाही. पण ज्याला प्रश्नाचा राग येत नाही त्याच्याशी निदान संवाद होऊ शकतो. आर्मस्ट्राँगच्या काळात तो होत नव्हता.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, "सगळेच घेतात ना?" हे वाक्य वरवर फार शहाणपणाचं वाटतं. आपण फसणाऱ्यांतले नाही, असा आव त्यात आणता येतो. पण या वाक्याने सर्वांत जास्त सोय कोणाची होते? जो घेतो त्याची. सगळेच घेत असतील तर त्याला लाज कसली! आर्मस्ट्राँगच्या पिढीतल्या कित्येकांनी पकडले गेल्यावर हेच कारण दिलं, की सगळेच घेत होते. बासों त्याच पिढीतला होता, त्याच रस्त्यावर होता. "सगळे" म्हटलं की त्याचं नाव आपण आपल्या हाताने खोडतो. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात ना, तसं. डोळे मिटून टाळ्या वाजवणाऱ्यांनी त्याला एकदा एकटं पाडलं, आणि सरसकट चोर म्हणणारे त्याला दुसऱ्यांदा एकटं पाडतात.

इथे आपले शिक्षक बसले आहेत, म्हणून त्यांच्याच अनुभवातलं सांगतो. नेहमी चाळीस मार्क मिळवणाऱ्या मुलाला एकदम पंचाऐंशी मिळाले, तर शिक्षकाच्या मनात शंका येतेच. ती दाबून टाकणारा शिक्षक बाकीच्या मुलांवर अन्याय करतो. भर वर्गात "कुठून उतरवलंस रे?" असं विचारणारा त्या मुलावर अन्याय करतो, कारण कदाचित त्याने खरंच सहा महिने अभ्यास केलेला असतो. आपल्या गणिताच्या सरांची पद्धत आठवते का? ते काहीच बोलत नसत. फळ्यावर त्याच पद्धतीचं नवीन गणित लिहीत आणि खडू त्या मुलाच्या हातात देत. सुटलं तर सर्वांसमोर शाबासकी. नाही सुटलं, तर वेगळं काही बोलायची गरजच उरत नसे.

मला वाटतं, शंका अशी असावी. तिने नवीन गणित घालावं. नमुने वर्षानुवर्षं जपून ठेवा, नवी चाचणी आली की पुन्हा तपासा, संघांनी आकडे खुले करावेत, आणि जो आतून येऊन सांगतो त्याची नोकरी जाऊ देऊ नका. एवढं केलं तर एखादा पकडला जाईल, एखादा सुटेल. पण ज्याने काही न घेता बारावा क्रमांक मिळवला, त्याला निदान कळेल की आपल्यासाठी कोणीतरी हिशेब ठेवतंय.

येत्या जुलैत तुम्ही शर्यत जरूर पाहा. घाटात कोणी झेप घेऊन निघाला, तर बिनदिक्कत टाळ्या वाजवा. मी वाजवतो. आणि शंका आली, तर तीही येऊ द्या. फक्त कोणाचं नाव घेण्याआधी आपल्याकडे काय आहे ते तपासा, घड्याळातली वेळ, ऐकीव गोष्ट, की पुरावा. आमच्या धंद्यात एक शिस्त असते, की नमुन्यावर चिठ्ठी लावल्याशिवाय तपासणी करायची नाही आणि तपासणी झाल्याशिवाय रिपोर्टवर सही करायची नाही. ही शिस्त लॅबच्या बाहेरही पाळता येते.